गडावर जाताना अंगात काय घालावे?

गेल्या हिवाळ्यातील गोष्ट. रविवारी दुपारी दवाखाना बंद करण्याच्या बेतात होतो, तेवढ्यात कॉलेजची चार मुले आपल्या एका मित्राला घेऊन आली. मंडळी पहाटे अंधारातच कळसूबाई चढायला गेली होती. चढताना सगळे घामाने निथळले. शिखरावर पोहोचले तेव्हा बोचरे वारे सुटले होते. सूर्योदयाची वाट पाहत बसले असता हा मुलगा कुडकुडू लागला. मग त्याची जीभ जड झाली, पाय अडखळू लागले. सोबत्यांना आधी ती थट्टाच वाटली. वाटेवरच्या एका झोपडीतील म्हाताऱ्या बाबांनी मात्र बरोबर ओळखले. त्यांनी त्याचे ओले कपडे उतरवले, आपली घोंगडी गुंडाळली आणि साखर घातलेला गरम चहा घोटघोट पाजला. माझ्याकडे आला तेव्हा त्याचा ताप, नाडी, रक्तदाब सारे व्यवस्थित होते. मला करण्यासारखे त्या घोंगडीने आधीच केले होते!

मुलाचा प्रश्न मात्र रास्त होता. “डॉक्टर, माझी हुडी तर चांगली जाड होती. मग असं का झालं?”

जाड कपडा आणि उबदार कपडा

त्याची हुडी सुती होती. सूत घाम शोषून घेते, पण लवकर वाळत नाही. धाग्यांमधील हवेची जागा पाणी घेते आणि पाणी हवेपेक्षा सुमारे 25 पट वेगाने उष्णता वाहून नेते. त्यात वारा लागला की बाष्पीभवनाने अंग आणखी गार पडते. उन्हाळ्यात सुती कपडा सुखकर वाटतो तो याच गुणामुळे. हिवाळ्यात शिखरावर तोच गुण वैरी होतो. दर हजार मीटर उंचीला तापमान साधारण 6 अंशांनी उतरते, आणि कळसूबाई 1646 मीटर उंच आहे.

शरीराच्या आतील तापमान 35 अंश सेल्सियसच्या खाली गेले की त्यास हायपोथर्मिया म्हणतात. त्यासाठी बर्फच पडावे लागते असे नाही. ओले अंग, वारा आणि थकवा एकत्र आले, तर 10 अंशांतही हे घडू शकते.

लोकरीचा गुण

लोकरीचा धागा कुरळा असतो, त्यामुळे त्यात हवा अडकून राहते. लोकर आपल्या वजनाच्या सुमारे 30 टक्के बाष्प शोषते, तरी हाताला ओली लागत नाही. भिजली तरी ती बरीच ऊब राखते. आपले धनगर बांधव पावसात घोंगडीची खोळ करून डोक्यावरून घेतात, ती या दृष्टीने लोकरीची हुडीच म्हणायची!

दख्खनी मेंढीची लोकर मात्र जाड व खरखरीत असते. ती पांघरायला उत्तम, पण उघड्या अंगाला टोचते. पुष्कळजण यालाच ‘लोकरीची अ‍ॅलर्जी’ म्हणतात. बहुधा ती खरी अ‍ॅलर्जी नसून जाड धाग्यांनी होणारी चुरचुर असते. अंगालगत घालायचे असेल तर मेरिनो जातीच्या मेंढीची बारीक लोकर घ्यावी. इसबाचा त्रास असणाऱ्यांनी आधी घरी तासभर घालून पाहावे.

विकत घेताना

1. लेबल वाचावे. ‘वुलन’ म्हणून मिळणारे पुष्कळ स्वेटर अ‍ॅक्रिलिकचे असतात. शंका असल्यास एक सुटा धागा चिमट्यात धरून जाळावा. लोकरीला केस जळाल्याचा वास येतो व राख चुरगळते. अ‍ॅक्रिलिक वितळून त्याची कडक गोळी होते.
2. फार जाड घेऊ नये. एका जाड कपड्यापेक्षा दोन पातळ कपडे बरे. चढताना एक काढता येतो.
3. गळ्याशी चेन असावी, म्हणजे घाम येण्याआधीच ती उघडता येते.
4. टोपी कान व मान झाकणारी, पण डोक्याबरोबर वळणारी असावी. डोळ्यांच्या कडेला आडोसा होत असेल, तर कड्यावर व शिडीवर ती मागे टाकावी.
5. लोकर वारा अडवत नाही. वरून घालायला पातळ विंडचीटर जवळ ठेवावा.

शरीराची निम्मी उष्णता डोक्यावाटे जाते, असे सर्रास सांगतात. ते खरे नाही. डोके उघडे असेल तर त्याच्या आकारमानाइतकीच, म्हणजे एकूण उष्णतेच्या सुमारे दहाव्या हिश्श्याइतकी जाते. तेव्हा टोपी हवीच, पण ती घालून अंग ओले ठेवणे उपयोगाचे नाही.

महागडे नको असेल तर

मेरिनोचे कपडे महाग असतात. विद्यार्थ्यांनी त्यासाठी आईवडिलांमागे हट्ट धरू नये. एक कोरडा बनियन प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून न्यावा. वर पोहोचताच ओला बनियन बदलावा, त्यावर घरातला जुना लोकरीचा स्वेटर घालावा आणि कानटोपी चढवावी. एवढ्यानेही काम भागते.

सोबत्याला गारठा चढल्यास

थरथर, बोबडे बोलणे, अडखळणे ही लक्षणे दिसताच आडोशाला न्यावे. ओले कपडे बदलून कोरडे पांघरूण घालावे, खालीही काही अंथरावे. शुद्धीवर असेल व नीट गिळता येत असेल तरच गोड, गरम पेय द्यावे. दारू मुळीच देऊ नये. तिने ऊब वाटते, पण उष्णता अधिकच बाहेर जाते. हातपाय चोळू नयेत. थरथर थांबली पण माणूस सुस्तावत चालला, तर तो बरा होत आहे असे समजू नये. तो जास्त बिघडत आहे. अशा वेळी विनाविलंब रुग्णालय गाठावे.

तो मुलगा या हिवाळ्यात पुन्हा कळसूबाईला जाऊन आला. जाताना त्याने दोन गोष्टी नेल्या: स्वतःसाठी कोरडा बनियन, आणि बाबांसाठी साखरेची पुडी.