मंद पडदा आणि डोकेदुखी

स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले-मुली हल्ली दवाखान्यात एक ठरावीक तक्रार घेऊन येतात. घर एका-दोन खोल्यांचे असते. रात्री सगळे झोपल्यावर मोबाइलवर नोट्स वाचायच्या असतात. दिवा लावला तर आजीची झोपमोड होते, म्हणून दिवा बंद आणि मोबाइलचा उजेडही अगदी कमीत कमी. तासाभरात कपाळ जड होते, डोळ्यांच्या मागे दुखू लागते, कधी मळमळते. "डॉक्टर, जुन्या मोबाइलवर असे कधी झाले नव्हते, नवा घेतल्यापासूनच सुरू झाले," असे ही मुले सांगतात. तोवर आठशे-हजार रुपयांचा 'ब्लू कट' चष्मा घेऊन झालेला असतो आणि घरातले कोणीतरी मेंदूचा स्कॅन करू या का, असे विचारू लागलेले असते.

या तक्रारीत तथ्य असू शकते. नव्या मोबाइलचा पडदा बहुधा वेगळ्या जातीचा असतो आणि तो मंद करण्याची पद्धतही वेगळी असते. ती समजली तर पुष्कळ वायफळ खर्च टळतो. म्हणून आज डोळ्यांच्या आधी थोडे पडद्याविषयी.

जुन्या किंवा स्वस्त मोबाइलमध्ये, बहुतेक संगणकांत आणि बहुतेक टीव्हींत एलसीडी पडदा असतो. त्याची रचना खिडकीच्या झडपांसारखी आहे. मागे पांढरा दिवा सतत पेटलेला असतो आणि पुढे द्रवस्फटिकांचा, म्हणजे लिक्विड क्रिस्टलचा थर. विजेच्या इशाऱ्याने हे स्फटिक वळतात आणि मागचा उजेड कुठे सोडतात, कुठे अडवतात. चित्रात काळा रंग असला तरी मागचा दिवा चालूच राहतो आणि झडप कधी पूर्ण मिटत नाही. त्यामुळे अंधाऱ्या खोलीत या पडद्यावरचा काळा रंग करडा दिसतो.

नव्या जातीच्या पडद्याला ओएलईडी म्हणतात. ऑरगॅनिक लाइट एमिटिंग डायोड या शब्दांची ती आद्याक्षरे. काही कंपन्या त्यालाच अमोलेड म्हणतात. यात मागचा दिवाच नसतो. पडद्यावरचा प्रत्येक ठिपका स्वतःच एक बारीक दिवा असतो. आडवे १०८० आणि उभे २४०० ठिपके असलेल्या सर्वसाधारण मोबाइलमध्ये असे सुमारे २६ लाख ठिपके होतात. २०११ च्या जनगणनेत नागपूर शहराची लोकसंख्या सुमारे २४ लाख होती, त्याहून हे जास्त! जिथे काळे दाखवायचे तिथला दिवा सरळ बंद. म्हणूनच या पडद्यावरचा काळा रंग काजळासारखा काळा असतो.

यातल्या 'ऑरगॅनिक' शब्दाने मात्र बराच घोटाळा केला आहे. "ऑरगॅनिक डिस्प्ले आहे, डोळ्यांना चांगला," असे विक्रेत्याने सांगितल्याचे रुग्ण मला ऐकवतात. सेंद्रिय गूळ किंवा सेंद्रिय भाजीशी त्याचा काहीही संबंध नाही. रसायनशास्त्रात सेंद्रिय म्हणजे कार्बनची संयुगे. त्या अर्थाने प्लॅस्टिक, रॉकेल आणि डांबरगोळीसुद्धा सेंद्रियच.

या संयुगांतून उजेड कसा निघतो? दोन विद्युत अग्रांच्या मध्ये त्यांचे अतिशय पातळ थर दिलेले असतात. इतके पातळ, की माणसाचा केस त्यांच्या शेकडो पट जाड भरेल. वीज सोडली की ऋण अग्राकडून इलेक्ट्रॉन आत शिरतात. धन अग्राच्या बाजूने इलेक्ट्रॉन काढून घेतले जातात आणि तिथे रिकाम्या जागा तयार होतात. एसटीच्या खिडकीवरची रांग आठवा. पुढचा माणूस एक पाऊल सरकला की त्याची जागा रिकामी होते, मागचा तिथे येतो आणि रिकामी जागा मागे मागे जाते. या थरांतही तसेच होते. इलेक्ट्रॉन एका बाजूने, रिकाम्या जागा दुसऱ्या बाजूने, आणि मध्ये गाठ पडली की इलेक्ट्रॉन त्या जागेत बसतो. बसताना त्याच्याजवळची जादा ऊर्जा प्रकाशाच्या रूपाने बाहेर पडते. दोन अग्रांपैकी एक पारदर्शक असते, त्यातून तो आपल्याला दिसतो. कोणता रंग निघणार हे रेणूच्या रचनेवर ठरते, म्हणून लाल, हिरव्या आणि निळ्या दिव्यांसाठी वेगवेगळी संयुगे लागतात. काजव्याचा प्रकाशही सेंद्रिय रेणूतूनच येतो, पण तो रासायनिक क्रियेने. इथे ते काम वीज करते.

हा शोध काही कालचा नव्हे. १९६३ मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठात मार्टिन पोप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अँथ्रासीन या संयुगाच्या स्फटिकातून असा प्रकाश मिळवला होता, पण त्यासाठी ४०० व्होल्टच्या आसपास दाब लागला. एवढ्या दाबाचे यंत्र खिशात कोण बाळगणार? १९८७ मध्ये कोडॅक कंपनीतील चिंग तांग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी दोन पातळ थरांची युक्ती प्रसिद्ध केली आणि काम १० व्होल्टच्या आत आणले. फोटोच्या फिल्मसाठी आपल्याला ठाऊक असलेली हीच ती कोडॅक.

आता मूळ मुद्दा, पडदा मंद करण्याचा. साध्या बुद्धीने वाटेल की वीज कमी सोडली की झाले. पण या दिव्यांना फारच कमी वीज दिली तर ते एकसारखे जळत नाहीत. एक ठिपका जरा उजळ, शेजारचा जरा मंद, रंग कुठे हिरवट, कुठे लालसर, असे डाग दिसू लागतात. त्यावर कंपन्यांनी तोडगा काढला तो असा, की दिवे पुरेशा विजेवरच पेटवायचे, पण सतत नाही. भराभर चालू-बंद करत राहायचे. सेकंदाला २४० वेळा असे करणारे मोबाइल पुष्कळ आहेत. म्हणजे एका फेरीला सेकंदाचा सुमारे चार हजारावा भाग मिळतो असे नव्हे, तर चार सहस्रांश सेकंद मिळतात. त्यातला एक सहस्रांश दिवा चालू आणि तीन बंद ठेवले की डोळ्याला सरासरीने पाव उजेड दिसतो. ब्राइटनेस आणखी खाली ओढला की चालू काळ आणखी आखूड होतो. थोडक्या उजेडाचे हे सोंग आहे. पडदा जितका मंद, तितकी त्याची लुकलुक तीव्र.

सेकंदाला २४० वेळा होणारी लुकलुक सरळ पाहताना दिसत नाही. मग ती बाधते कशी? वाचताना नजर ओळीवरून सलग फिरत नसते. ती उड्या मारते आणि त्या उडीत डोळा फार वेगाने हलतो. लुकलुकणारा दिवा अशा वेळी दृष्टिपटलावर एका रेघेऐवजी तुटक ठिपक्यांची माळ उमटवतो. इंग्लंडमधील संशोधक अर्नोल्ड विल्किन्स आणि जेम्स रॉबर्ट्स यांनी २०१३ मध्ये दाखवले, की डोळा असा हलत असताना सेकंदाला हजाराहून अधिक वेळा होणारी लुकलुकही माणसाला जाणवू शकते.

याच विल्किन्स यांचा त्याआधीचा, १९८९ चा एक प्रयोग मला अधिक बोलका वाटतो, कारण त्यातला दिवा आपल्या सर्वांच्या घरात होता. जुन्या चोकवरची ट्यूबलाइट आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. एका कार्यालयात काही काळ अशा ट्यूब आणि काही काळ अतिवेगाने चालणाऱ्या इलेक्ट्रॉनिक चोकच्या ट्यूब लावून पाहिल्या. दुसऱ्या प्रकारच्या उजेडात कर्मचाऱ्यांची डोकेदुखी आणि डोळ्यांचा ताण सरासरीने निम्म्याहूनही कमी झाला. सगळ्यांनाच त्रास होत होता असे नाही. थोड्यांना तो वारंवार होत होता आणि फायदाही त्यांनाच झाला. ज्यांना अर्धशिशी आहे त्यांना लुकलुकता उजेड सहसा लवकर बाधतो. म्हणून एकाच घरात, एकाच मोबाइलवर भावाला काही होत नाही आणि बहीण कपाळ धरून बसते. तिला 'नखरे' म्हणून गप्प करू नये.

एक भीती मात्र काढून टाकावी. १९९७ च्या डिसेंबरात जपानमध्ये 'पोकेमॉन' या मालिकेतील लाल-निळ्या झगझगाटाने शेकडो मुलांना रुग्णालयात न्यावे लागले होते. ती लुकलुक सेकंदाला १२ च्या आसपास, खुद्द चित्रातली होती. फिट आणणारी लुकलुक साधारण त्या वेगाची असते. पडद्याच्या २४० च्या लुकलुकीने फिट येत नाही.

आपला मोबाइल या प्रकारचा आहे का, हे घरीच पाहता येते. रात्री खोलीतला दिवा मालवून पडद्यावर कोरे पांढरे पान उघडावे आणि ब्राइटनेस अगदी खाली आणावा. पडद्यासमोर पेन्सिल भराभर आडवी हलवावी. पेन्सिलीची सलग पुसट छाया दिसली तर ठीक. एकीशेजारी एक अशा सुट्या सुट्या पेन्सिली दिसल्या, तर पडदा लुकलुकतो आहे. मग ब्राइटनेस पूर्ण वाढवून पुन्हा पाहावे. फरक लगेच कळेल. हीच परीक्षा काही एलसीडी पडद्यांनाही लावावी, कारण त्यांतल्या काहींचा मागचा दिवाही असाच मंद केला जातो.

पडदा लुकलुकता निघाला तर पहिला उपाय फुकटातला आहे. ब्राइटनेस तळाला नेऊ नका. निम्म्याच्या जवळ ठेवा आणि पडद्याचा उजेड डोळ्यांत खुपू नये म्हणून पाठीमागे एखादा लहान, झाकलेला दिवा लावा. पाच वॉटचा एलईडी बल्ब भिंतीकडे तोंड करून ठेवला तर आजीच्या डोळ्यांवर उजेड येत नाही. तेही शक्य नसेल, तर बऱ्याच अँड्रॉइड मोबाइलच्या सेटिंगमध्ये 'एक्स्ट्रा डिम' आणि आयफोनमध्ये 'रिड्यूस व्हाइट पॉइंट' अशी सोय असते. ती चित्रातले पांढरेपण कमी करते. दिव्याची सरकपट्टी वरच ठेवून ही सोय वापरावी. काही मोबाइलमध्ये 'अँटी फ्लिकर' किंवा 'डीसी डिमिंग' असेही बटण असते. रंग थोडे बिघडतात, पण नोट्स वाचायला रंग कशाला हवेत?

नवीन मोबाइल घ्यायचाच असेल, तर लुकलुकीचा वेग विचारावा. सेकंदाला १९२० किंवा ३८४० वेळा असा वेग असलेले पडदे आता मिळतात. अमेरिकेतील विद्युत अभियंत्यांच्या आयईईई या संस्थेने २०१५ मध्ये एलईडी दिव्यांसाठी शिफारस केली होती. तीनुसार, पूर्ण चालू-बंद होणारा दिवा सेकंदाला १२५० वेळांहून जलद असेल तर जोखीम कमी, आणि ३००० च्या वर असेल तर परिणाम दिसत नाही. दुकानात तीच पेन्सिल काढून पाहायलाही लाजू नये.

आता तो 'ब्लू कट' चष्मा. लुकलुकीवर त्याचा उपयोग नाही, कारण काच निळा रंग गाळते, लुकलुक गाळत नाही. साध्या ताणावर तरी आहे का? १७ चाचण्यांचा एकत्रित आढावा कॉक्रेन या संस्थेने २०२३ मध्ये प्रसिद्ध केला. साध्या चष्म्याच्या तुलनेत या काचांनी संगणकाचा ताण कमी होत नाही, असेच त्यात दिसले. पडद्यातल्या निळ्या उजेडाने दृष्टिपटल जळते ही भीतीही व्यर्थ आहे. दुपारी अंगणात उभे राहिले तरी डोळ्यांत त्याच्या कितीतरी पट निळा प्रकाश जातो.

झोपेवर मात्र रात्रीचा उजेड परिणाम करतो. तो मेलाटोनिन या संप्रेरकाचे स्रवणे लांबवतो. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बोस्टनच्या एका अभ्यासात १२ तरुणांना झोपण्यापूर्वी चार तास पूर्ण प्रखर पडद्यावर वाचायला लावले. छापील पुस्तकाच्या मानाने त्यांना झोप लागायला सुमारे दहा मिनिटे उशीर झाला. दहा मिनिटे म्हणजे फार नव्हे. आमच्या विद्यार्थ्यांची झोप उडते ती बहुतेक वेळा परीक्षेच्या काळजीने आणि मध्येच उघडलेल्या व्हिडिओंनी.

हे सगळे सांगितल्यावरही एक गोष्ट निक्षून सांगतो. पडद्याला दोष देण्याआधी डोळे तपासून घ्या. दवाखान्यात येणाऱ्या अशा डोकेदुखीत न घातलेला किंवा जुना झालेला नंबर फार वेळा सापडतो. चाळिशीच्या पुढच्यांना तर जवळचे वाचायचा चष्माच हवा असतो. एरवी मिनिटाला पंधराएक वेळा होणारी पापण्यांची उघडझाप पडदा पाहताना निम्म्यावर किंवा त्याहून खाली येते. डोळे कोरडे पडून चुरचुरतात ते त्यामुळे. अंधारात काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरे वाचण्याची टूम निघाली आहे. बाहुली मोठी झाल्याने, विशेषतः तिरकस नंबर असलेल्यांना, ती अक्षरे पसरट दिसतात. पांढऱ्यावर काळेच बरे.

डोकेदुखी अचानक आणि कधी नव्हे इतकी तीव्र असेल, सकाळी उठताच उलट्या होत असतील, एकाची दोन दिसत असतील, नजर अधूनमधून अंधारत असेल किंवा ताप येऊन मान आखडली असेल, तर पेन्सिलीची परीक्षा करत बसू नये. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. एरवी जवळच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयाच्या नेत्र विभागात नंबर तपासून मिळतो. जाताना मोबाइल बरोबर न्यावा आणि घरी वाचताना तो डोळ्यांपासून किती अंतरावर धरतो, ते तपासणाऱ्याला तसेच धरून दाखवावे. बहुतेकजण वीतभर अंतरावर धरतात, आणि चष्म्याचा नंबर काढणाऱ्याला ते सांगायचे राहून जाते.