ॲल्युमिनियमच्या पाइपाला भोके का पडतात?



गेल्या दिवाळीत ठाण्याला वर्तकनगरात बहिणीकडे गेलो होतो. म्हाडाची जुनी वसाहत, पाणी भरून ठेवायची सवय अजून सुटलेली नाही. मोरीतले जर्मनचे पिंप तळाला पाझरत होते. "ताई, आपटलं का कुठं?" विचारले, तर म्हणाली, "नाही रे, तळापर्यंत हात पोचत नाही, घासायचं राहतं." बुळबुळीत थर खरवडला, तर खाली टाचणीच्या टोकाएवढे खड्डे! थर नव्हता तिथला पत्रा शाबूत होता. आपल्या गटातल्या जुन्या तुषार सिंचनाच्या पाइपांत हेच खड्डे मी पाहिले आहेत, म्हणून लिहितो.

ॲल्युमिनियमवर हवेतच ऑक्साइडचे अतिशय पातळ कवच बनते. ओरखडा पडला तरी पुन्हा धरते. पण पाण्याचा सामू साधारण 4 ते 8.5 असेल तोवरच ते टिकते. पाणी साचले की जीवाणू पत्र्याला चिकटतात आणि चिकट थर करून त्यात घर करतात. वरचे जीवाणू प्राणवायू संपवतात, खाली तो पोचत नाही. काही आम्ल सोडतात, तर प्राणवायूवाचून जगणारे काही सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड करतात. कुजक्या अंड्यासारखा वास त्याचाच. पत्र्याचा एक भाग मोकळा, एक गुदमरलेला, अशी बॅटरीसारखी जोडी जमते आणि गुदमरलेला भाग झिजतो. पाण्यात क्लोराइड असेल तर अधिकच. म्हणून पत्रा सगळीकडे सारखा न झिजता एकदम भोकच पडते.

जेट विमानांच्या ॲल्युमिनियमच्या टाक्यांनाही हा त्रास झाला. केरोसीनच्या तळाशी जमलेल्या थोड्याशा पाण्यात जीवाणू व बुरशी वाढली. तिथेही पहिला उपाय तळाचे पाणी नेमाने काढण्याचाच.

सगळेच जीवाणू वैरी नव्हेत. 2002 साली अमेरिकेतील संशोधकांनी बॅसिलस सबटिलिसच्या थराने एका ॲल्युमिनियम मिश्रधातूतील खड्डे रोखल्याचे प्रसिद्ध केले. पण तो प्रयोगशाळेतला थर; आपल्या पाइपातला शेवाळी गाळ राखण करील या भरवशावर राहू नका.

पाइपातून खत किंवा पातळ केलेला स्पेंटवॉश सोडला असेल, तर नंतर थोडा वेळ स्वच्छ पाणी चालवा. स्पेंटवॉशमध्ये सल्फेट व क्लोराइड दोन्ही असतात. गाळ काढायला कॉस्टिक वापरू नका; कारखान्यात बाष्पपात्रे धुवायला ते चालते, पण ॲल्युमिनियम त्यात विरघळते. काथ्याच्या बोळ्याने घासा. पाळी संपली की पाइप शेतात आडवे टाकू नका, एक टोक उंच ठेवून निथळू द्या, आणि शेडमध्ये ठेवताना खाली ओले पाचट नको.