खिडकीतला कप

औंढा नागनाथ,
अक्षय्य तृतीया

चि. ताईस,


तुझा फोन आला तेव्हा मी दळण आणायला गेले होते, म्हणून नीट बोलणं झालं नाही. वसमतच्या हळद कारखान्यात मॅनेजरनं तुझ्यावर ‘विविधता आणि समावेशन’ नावाचं काम टाकलंय आणि परदेशी गिऱ्हाईक तपासणीला यायच्या आत कागद तयार पाहिजेत, एवढं कळलं. नाव ऐकून जरा हसू आलं. काम मात्र हसण्यासारखं नाही.

मी २८ वर्षं कचेरीत आस्थापनेच्या टेबलावर काढली. आरक्षणाची बिंदुनामावली तोंडपाठ. कुठला बिंदू अनुसूचित जमातीचा, कुठला भटक्यांचा, अनुशेष किती, झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं. तपासणीत माझ्या रजिस्टरवर कधी शेरा आला नाही, आणि त्याचा मला ताठा होता. त्याच खोलीत खिडकीच्या कठड्यावर एका सफाई कामगाराचा कान तुटलेला कप वेगळा असायचा. तो त्यातच चहा घ्यायचा, स्वतःच विसळून परत ठेवायचा. तसं कुणी सांगितलं नव्हतं, पण का म्हणून कुणी विचारलंही नाही. नामदेवांना कीर्तनातून उठवलं म्हणून देऊळच फिरलं असं ज्या देवळाबद्दल सांगतात, त्याच्यावरून रोज जाणारी मी, तेरा वर्षं तो कप पाहत राहिले. त्याच्या निरोपाच्या दिवशी सगळ्यांसाठी नवे कप आणले होते. तरी तो सवयीनं खिडकीकडेच गेला. ते मला अजून खातं.

शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी निम्म्या जागा मागासलेल्यांसाठी राखायचा हुकूम काढला, हे आम्ही दर जयंतीला भाषणात सांगायचो. त्याच राजानं कोल्हापुरात अस्पृश्य मानल्या गेलेल्या गंगाराम कांबळ्यांना चहाच्या दुकानासाठी हात दिला, आणि गाडी थांबवून तिथला चहा स्वतः प्यायला, सोबतच्यांनाही पाजला. मी हुकूम तेवढा सांभाळला, चहाचं राहून गेलं.

म्हणून सांगते, कागदाला हात लावायच्या आधी आठ दिवस नुसती शेडमध्ये फिर. हळद निवडायला लमाण तांड्यावरच्या बाया येत असतील, कळमनुरीकडच्या आंध बाया, गावातल्या मुसलमान बाया. पोती उचलायला बिहारची पोरं. जेवणाच्या सुट्टीत कोण कुणाशेजारी डबा सोडतं ते बघ. माठातलं पाणी कोण हातानं घेतं आणि कुणाला वरून ओततात, ते बघ. संडासाची किल्ली कुणाकडे असते? बाया दुपारपर्यंत पाणी का पीत नाहीत, याचं उत्तर त्या किल्लीत सापडेल. मी नोकरीला लागले तेव्हा कचेरीत बायकांची सोयच नव्हती. तीन वर्षं मी शेजारच्या एका घरी जायची आणि त्या माउलीला संक्रांतीला आठवणीनं वाण द्यायची.

एका बाबतीत मात्र कायदा धरून बस. दहा माणसं कामाला असली की लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती लागतेच, २०१३ चा कायदा आहे. आपल्याकडे तिला अजून विशाखा समितीच म्हणतात. अध्यक्ष बाईच, निम्म्या तरी सदस्य बायका, आणि एक सदस्य बाहेरचा. मॅनेजर म्हणेल, निवडणाऱ्या बाया मुकादमाच्या, आपल्या नाहीत. ऐकू नको. रोजंदारीवाली असो की ठेकेदाराची, कायद्यात सगळ्या येतात. बाहेरचं माणूस म्हणून मालकाची मेहुणी आणून बसवतील, तेही चालू देऊ नको. तक्रारीला ३ महिन्यांची मुदत असते, हे बायांना लमाणीत सांगणारी तांड्यावरचीच एखादी शिकलेली पोरगी धर. ५० माणसं असतील तर पाळणाघरही मागता येतं. हळदीच्या धुरळ्यात झोळी बांधून लेकरं निजवायची वेळ येऊ नये. अपंगांसाठी समान संधीचं धोरण लिहायला एक दुपार पुरते. दारातली पायरी काढून उतार करून घ्यायला मालकाशी भांडावं लागतं. आधी भांड, मग लिही.

आणखी एक. महिला दिनाला हळदीकुंकू ठेवायचं तुझ्या मनात असेल, तर थांब. तुझ्या शेडमध्ये नवरा गेलेल्या बाया किती आहेत, मोजलंस का? ज्या बाईचे हात दिवसभर हळदीत राबून पिवळे होतात, तिला हळदीचं बोट लावायचं नाही आणि तिनं भिंतीला टेकून बाकीच्यांची ओटी भरताना बघायचं! मी असे कार्यक्रम हौसेनं केलेत. रांगोळीसुद्धा मीच काढायची. आमच्या कचेरीत अशा दोघी होत्या, त्या दिवशी दोघीही रजा टाकायच्या. मला वाटायचं, कामचुकार आहेत. तू कार्यक्रम कर, पण सगळ्यांना लाव. आणि कुणाला नकोच असेल तर चहा दे, आग्रह करू नको.

मॅनेजर सांगेल, आमच्याकडे भेदभाव बिलकुल नाही. खोटं बोलतो असं समजू नको. मीही तेच म्हटलं असतं, आणि मनापासून.

रविवारी येऊ शकलीस तर ये, मेतकूट करून ठेवलंय. नाहीच जमलं तर फोन कर, आणि शेडमध्ये चहा कुणाला कशात देतात तेवढं सांग.

तुझी,
आत्या