हलक्या भिंतीचे प्रकरण

जामबागेतील एका जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर माझे क्ष-किरण केंद्र आहे. तेथील जीर्ण तुळयांवर वीटकामाचे ओझे चढविण्यास घरमालकांनी साफ मनाई केल्यामुळेच पोकळ प्लॅस्टिकचे, एकमेकांत अडकणारे आणि आत बॅराइटची भुकटी भरलेले ठोकळे रचून आडभिंत उभारण्याची तजवीज मला करावी लागली, हे आरंभीच नमूद करतो; कारण स्वस्ताईच्या लोभाने मी हे केले, असा प्रवाद माझ्याच व्यवसायबंधूंनी पसरविला आहे.

अणुऊर्जा नियामक मंडळाच्या संहितेप्रमाणे मुख्य झोताच्या भिंतीस 35 सेंटिमीटर व विखुरलेल्या किरणांच्या भिंतीस 23 सेंटिमीटर वीटकाम, अथवा त्याच्या तोडीचे काही लागते. त्या तोडीचा दाखला मी विक्रेत्याकडून करारनाम्यासोबत लेखी घेतला होता. दाखला खोटा नव्हता, हीच त्यातली मेख! त्यातले आकडे न्यूट्रॉनांचे होते. हायड्रोजनाने भरलेले पॉलिएथिलीन न्यूट्रॉनांना उत्तम थोपविते. पण साध्या क्ष-किरण खोलीत न्यूट्रॉन येणार कोठून? क्ष-किरणांना अडवायला जड अणू लागतात. ते काम बॅराइटमधील बेरियमचे. प्लॅस्टिक ही केवळ पेटी.

भिंत उभी राहिली तेव्हा विक्रेत्याच्या माणसाने खिशातले मापक धरून क्षणार्धाचा झोत सोडला, काटा हलला नाही, आणि तो हसतमुखाने हिशेब चुकता करून गेला. पुढे उन्हाळा सरल्यावर तपासणीस आलेल्या जाणत्या गृहस्थांनी झोताखाली पाण्याची बादली ठेवून किरण विखुरतील असे केले, झोत लांबविला आणि आयनकक्षाचे मापक भिंतीवरून खालून वर सावकाश नेले. ठोकळ्याच्या पोटाशी काटा स्वस्थ; वरच्या कडेशी येताच उसळे; पुढच्या थरावर पुन्हा स्वस्थ, पुन्हा कडेशी उसळी. एका ठोकळ्याचे बूच काढले, तो भुकटी दोन बोटे खाली बसलेली. उन्हाने मऊ पडलेल्या बाजू भुकटीच्या दाबाने फुगल्या होत्या आणि प्रत्येक थराच्या माथ्यावर पोकळ पट्टी पडली होती. त्या पट्टीच्या पलीकडे माझ्या रुग्णांचा बाक.

विक्रेते प्रथम म्हणाले, मापकाची बॅटरी उतरली असेल. मग म्हणाले, ‘साहब, आपकी मशीन की किरनों ने माल खराब करा.’ ही तर कमालच झाली! तुर्भ्याच्या आयसोमेडमध्ये 1974 पासून वैद्यकीय साहित्य गॅमा किरणांनी निर्जंतुक होते. त्याची रूढ मात्रा 25 किलोग्रे, आणि त्यातून निघालेल्या प्लॅस्टिकच्या पिचकाऱ्या आपण बिनतक्रार वापरतो. माझ्या खोलीतले विखुरलेले किरण त्या मात्रेच्या पासंगालाही पुरणार नाहीत.

तेव्हा ज्यांस असे ठोकळे घेणे भाग आहे त्यांनी दाखल्यावर शिशाची समतुल्य जाडी आणि ती कोणत्या किलोव्होल्टला मोजली, हे दोन्ही लिहवून घ्यावे. सांधे सरळ नसून पायरीचे असावेत. भुकटी मोकळी नसून घट्ट बांधलेली असावी. मोजणी विक्रेत्याकडून नव्हे, तर त्रयस्थाकडून, सांध्यासांध्यावर करवावी आणि उन्हाळ्यानंतर पुन्हा करवावी. कागदपत्रे जपून ठेवावीत, हे सांगणे नलगे.

ओझ्याचीच धास्ती असेल, तर शिसे जड असते या समजुतीने बिचकू नये. 23 सेंटिमीटर वीटकामाच्या जागी 1.7 मिलिमीटर शिशाचा पत्रा चालतो. चौरस मीटरमागे तो वीस किलोंच्या आत, तर वीटकाम सुमारे चारशे किलो. मात्र पत्रा आपल्याच भाराने ओघळतो. म्हणून तो प्लायवुडच्या दोन फळ्यांत दाबून, कडा एकमेकींवर चढवून बसवावा आणि खिळ्यांच्या माथ्यांवरही शिशाच्या टिकल्या माराव्यात. माझी नवी आडभिंत अशीच आहे. जुने ठोकळे जिन्याखाली पडून आहेत. दिवाणी दाव्याचा निकाल लागेपर्यंत, पुरावा म्हणून, ते हलवू नयेत असे वकीलसाहेबांचे म्हणणे आहे.