डॉक्टरांच्या सावलीत

'मला डॉक्टर व्हायचे आहे,' असे तुमच्यापैकी अनेकजण म्हणतात. पण डॉक्टरांचा दिवस कसा जातो, हे तुम्ही जवळून पाहिले आहे का?

अमेरिकेत डॉक्टरांच्या एम.डी. आणि डी.ओ. अशा दोन पदव्या आहेत. दोन्ही पदव्यांचे डॉक्टर औषधे देतात, शस्त्रक्रियाही करतात. डी.ओ. डॉक्टर हातांनी सांधे व स्नायू तपासून उपचार करायलाही शिकतात. या पद्धतीचे पहिले महाविद्यालय डॉ. अँड्र्यू टेलर स्टिल यांनी १८९२ साली मिसुरी राज्यात काढले.

डी.ओ. होऊ इच्छिणारे अनेक विद्यार्थी प्रवेशापूर्वी अशा एखाद्या डॉक्टरांबरोबर काही दिवस सावलीसारखे राहतात. काही महाविद्यालये त्या डॉक्टरांचे शिफारसपत्रही मागतात. पण असे डॉक्टर शोधायचे कसे? विद्यार्थी दवाखान्यांच्या पाट्या वाचतो, ओळखीच्यांना विचारतो, नम्रपणे पत्र लिहितो. कोणी नकार देतात, कोणी उत्तरच देत नाहीत. तरी तो खचत नाही. तो दुसरे दार ठोठावतो.

परवानगी मिळाली, तरी त्याला उपचार करता येत नाहीत. रुग्णाची संमती असेल, तरच तो तेथे थांबतो. ऐकलेली गोष्ट बाहेर सांगत नाही. डॉक्टरांचे कष्ट, थकवा आणि रुग्णाला धीर देणे तो पाहतो. कोणाचा निश्चय पक्का होतो. कोणाला 'हे आपले काम नव्हे' असे कळते. वेळीच कळले, हेही चांगलेच!

मुलांनो, व्यवसाय निवडण्यापूर्वी तो जवळून पाहा. विचारायला लाजू नका.