जैतून म्हणून आलेले रोप जैतूनच आहे काय?

मोबाईलवरून रोपे मागविण्याचा प्रघात आता माढ्यासारख्या तालुक्याच्या गावीही पडला आहे. जैतून व अंजीर यांचा उल्लेख कुरआनात, अजव्याचा हदीसमध्ये. म्हणून आपल्या बांधवांत या रोपांना मागणी मोठी. काही छोटे दुकानदार ती एकगठ्ठा मागवून आठवडी बाजारात विकतात. पण पिशवीवरची चिठ्ठी एक सांगते आणि चार महिन्यांनी पाने दुसरेच सांगतात. ताग्यावरचा शिक्का पाहून सूत ठरवायचे नाही, धागा जाळून पाहायचा, हे आम्ही कापडाच्या धंद्यात प्रथम शिकतो. रोपाच्या बाबतीत धाग्याची जागा पान घेते.

जैतूनचे पान अरुंद, कडा सरळ, आणि पाने फांदीवर समोरासमोर जोडीने येतात. पान उलटे केले की खालची बाजू चांदीसारखी दिसते. जलपाईलाही कित्येक ठिकाणी ऑलिव्ह म्हणतात, घोटाळा तेथेच होतो. तिची पाने एकाआड एक, कडेला बारीक दाते, आणि गळण्यापूर्वी लाल होतात. एकाच पेरावर तीन-तीन लांब पाने असतील तर ती कण्हेर समजावी. कण्हेर विषारी आहे; म्हणून अनोळखी पान चाखून पाहण्याची सवय सोडावी. शिवाय अस्सल जैतूनलाही मोहोर धरण्यास हिवाळ्यात चांगली थंडी लागते. आपल्या सोलापूरच्या हवेत झाड जगेल, फळाचा वायदा मात्र कोणी गिऱ्हाईकाला देऊ नये.

अंजिराला चीक असतो, पण उंबराला आणि वडालाही असतो. पान पाहावे: अंजिराचे खरखरीत, हाताच्या पंजासारखे फाटलेले, उंबराचे अखंड. तुतीचे पानही कधी असे फाटते, पण त्याच्या कडा करवतीसारख्या असतात. मेंदीची परीक्षा आपल्या माता-भगिनींना ठाऊकच आहे. पाने वाटून तळहातावर तासभर ठेवावीत. कुंपणाचा डुरांटा मेंदी म्हणून गळ्यात मारला असेल तर रंग चढणार नाही.

सर्वांत मोठी फसगत अजव्यात आहे. बियांपासून केलेले खजुराचे रोप आणि आपल्या ओढ्याकाठच्या शिंदीचे रोप लहानपणी सारखेच दिसते. पट्टीसारखे एकच पान. ते जाणकारालाही ओळखता येत नाही. बी मदीन्याच्या अजव्याचे असले तरी झाड आईसारखे निघत नाही, आणि सुमारे निम्मी झाडे नर निघतात. हे कळायला फुलोरा यावा लागतो, म्हणजे चार-पाच वर्षे तरी गेली. खरी जात हवी असेल तर मूळ झाडाचा फुटवा किंवा ऊतिसंवर्धित रोपच घ्यावे. बियांचे रोप 'अजवा' म्हणून विकणाऱ्याला आम्ही अज्ञानी म्हणू. पण हे माहीत झाल्यावरही तो विकत राहिला तर दुसरा शब्द वापरावा लागेल.

मदीन्याच्या बाजारात प्रेषितांनी (स.) धान्याच्या राशीत हात घातला तेव्हा आत ओल लागली. ओला भाग वर का ठेवला नाही, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले. चिठ्ठीमागे लपलेला ऐब त्याच जातीचा आहे. न पाहता घेतलेला माल पाहिल्यावर परत करण्याचा हक्क हनफी फिकहमध्ये आहे. त्याला खियारे-रूयत म्हणतात. देशाचा कायदाही मागे नाही. ग्राहक संरक्षणाच्या 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार, जाहिरातीत सांगितल्याप्रमाणे नसलेला माल परत घेण्यास विक्रेता नकार देऊ शकत नाही. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे.

यासाठी पार्सल उघडतानाच रोपाचे, चिठ्ठीचे आणि पानाच्या दोन्ही बाजूंचे फोटो काढावेत, बिल जपावे, आणि ओळख पटेपर्यंत रोप कुंडीतच राहू द्यावे. बांधवांपैकी जे पुढे विकतात त्यांनी आपल्या बिलावर 'बियांचे रोप, जातीची खात्री नाही' असे साफ लिहावे, व किंमतही त्याच हिशोबाने लावावी.