तुझ्या नावावर काय असेल?

चि. मुक्ता हिस,



लग्न ठरल्याचं कळलं, मन भरून आलं. मुलगा चांगला आहे, त्याविषयी मला काही सांगायचं नाही. सांगायचं आहे ते लंडन सोडून अमेरिकेत स्थायिक होण्याबद्दल. ब्रिटनमध्ये वाढलेल्या माणसाला अमेरिका परकी वाटत नाही. भाषा तीच, सिनेमे तेच, निम्मी दुकानंही ओळखीची. त्यामुळे तयारी होते ती समारंभाची आणि सामानाची, आणि मुख्य गोष्ट नजरेतून सुटते. लग्नामुळे मिळणारा प्रवेश हा दुसऱ्याच्या अर्जावर मिळणारा प्रवेश असतो. अर्ज तो करणार, उत्पन्नाची हमी तो देणार, विमा बहुधा त्याच्या नोकरीतून येणार, घराचा करारही त्याच्याच नावावर असणार. तू मात्र तिथे पहिल्या दिवशी नोंदी नसलेली बाई असशील. म्हणून माझा आग्रह एकच आहे: निघण्याआधी आणि पोचल्यावरच्या पहिल्या दोन वर्षांत जे जे स्वतःच्या नावावर करून घेता येईल ते करून घे.

याची सुरुवात व्हिसा निवडण्यापासून होते. एक रस्ता के-१ चा, म्हणजे अमेरिकी नागरिकाशी लग्न ठरलेल्यांचा. त्यावर अमेरिकेत उतरल्यापासून ९० दिवसांत लग्न करायचं आणि मग तिथूनच ग्रीन कार्डासाठी अर्ज करायचा. दुसरा रस्ता आधी लग्न करून आय-१३० अर्ज भरण्याचा. मुलाखत लंडनच्या अमेरिकी वकिलातीत होते आणि विमानतळावर शिक्का पडताच तू कायमची रहिवासी ठरतेस, नोकरीला मोकळी. के-१ वर गेलेल्या वधूला कामाचा परवाना वेगळा मागावा लागतो आणि तो येईपर्यंत बहुधा घरी बसावं लागतं. प्रवासाची आगाऊ परवानगी न घेता ती देशाबाहेर पडली, तर ग्रीन कार्डाचा अर्ज तिने सोडून दिला असं धरलं जातं. इकडे आईची तब्येत अचानक बिघडली तरी तुला लगेच निघता येणार नाही. परावलंबी व्हिसा म्हणजे काय हे आपल्या लोकांना एच-४ मुळे, म्हणजे नोकरीसाठी गेलेल्यांच्या जोडीदाराच्या व्हिसामुळे, नीट ठाऊक आहे. पुण्या-मुंबईच्या कितीतरी शिकलेल्या मुली त्या व्हिसावर अमेरिकेत वर्षानुवर्षं कामाविना राहिल्या. त्यांतल्या काहींना तरी परवाना मिळू लागला तो २०१५ साली. तुला निवड आहे, त्यांना नव्हती.

तू म्हणशील, आय-१३० मध्ये महिनोन्‌महिने वेगळं राहावं लागतं. खरं आहे, आणि ते सोपं नाही. पण वाट पाहायचीच असेल तर स्वतःची नोकरी, स्वतःचा डॉक्टर आणि स्वतःची माणसं जवळ असताना पाहावी. एस्टावर, म्हणजे व्हिसाविना प्रवासाच्या परवानगीवर, पर्यटक म्हणून जायचं आणि तिथेच राहायचं, असा सल्ला कुणी दिला तर तो ऐकू नकोस. मनात राहायचा बेत ठेवून ‘फिरायला आले’ असं सांगणं ही अधिकाऱ्याची फसवणूक ठरते आणि ती पुढच्या प्रत्येक अर्जात आड येऊ शकते. जाऊन लग्न करून परत यायला मात्र हरकत नाही.

दुसरा आक्षेप अधिक नाजूक आहे. स्वतःच्या नावाची एवढी काळजी करणं म्हणजे संसाराआधीच अविश्वास दाखवणं नाही का? मला तसं वाटत नाही, कारण कायद्याने हा विचार आधीच केलेला आहे. नवरा आय-८६४ वर उत्पन्नाची जी हमी देतो, ती घटस्फोटानेही संपत नाही. तू नागरिक होईपर्यंत, किंवा साधारण दहा वर्षांच्या कामाची नोंद होईपर्यंत ती चालूच राहू शकते. प्रवेशाच्या वेळी लग्नाला दोन वर्षं झालेली नसतील तर कार्ड दोनच वर्षांचं मिळतं आणि मुदत संपण्याआधीच्या ९० दिवसांत दोघांनी मिळून ही मुदतीची अट काढण्याचा अर्ज, आय-७५१, भरायचा असतो. घटस्फोट झाला किंवा छळ झाला तर तो एकटीलाही भरता येतो, पण लग्न खरं होतं हे तेव्हा तिलाच सिद्ध करावं लागतं. संयुक्त खातं, घरभाड्याचा करार, विमा, कराची विवरणपत्रं हेच पुरावे. ते त्याच्या ईमेलमध्ये आणि त्याच्या कपाटात असतील तर तुला उपयोग नाही. प्रत्येक कागदाची प्रत तुझ्याजवळ हवी. सुखाच्या संसारातही हेच कागद आय-७५१ ला लागतात, म्हणजे यात कुणाचा अपमान नाही. उलट, साध्या खरेदीसाठीही नवऱ्याकडे पैसे मागावे लागणं हेच चांगल्या नात्यालाही जड जातं.

पैशाचं सांगायचं तर ब्रिटनमधली तुझी पत तिथे गृहीत धरली जात नाही. पत नोंदवणारी एक्सपेरियन कंपनी दोन्हीकडे आहे, पण तुझी नोंद समुद्र ओलांडत नाही. तेव्हा पोचताच अनामत ठेवून का होईना, स्वतःच्या नावाचं कार्ड घे आणि बिल वेळेवर भर. त्या राज्याचा वाहन परवानाही काढ. बहुतेक गावांत गाडीशिवाय पाऊल बाहेर पडत नाही. परवाना काढताना मतदार नोंदणीबद्दल विचारतात, तिथे चुकूनही होकार देऊ नकोस. नागरिक नसताना नागरिक असल्याचं सांगणं फार महागात पडतं. आयएसए या बचत खात्यातलं व्याज ब्रिटनमध्ये करमुक्त असलं तरी अमेरिका ते तसं मानत नाही, आणि परदेशी खात्यांत मिळून १०,००० डॉलरच्या वर रक्कम गेली की दरवर्षी कळवावं लागतं. म्हणून निघण्याआधी दोन्ही देशांचे कर जाणणाऱ्या माणसाला पैसे देऊन भेट.

सर्वांत मोठा बदल आजारपणाचा. एनएचएसचा, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेचा, हक्क पासपोर्टवर नाही, ब्रिटनमधल्या वास्तव्यावर आहे. कायमची निघालीस की तो संपतो. अमेरिकेत विमा असूनही आधी ठरावीक रक्कम खिशातून जाते आणि विम्याच्या यादीत नसलेला डॉक्टर फार महाग पडतो. नवऱ्याच्या नोकरीच्या विम्यात तुला घालण्याची मुदत अनेकदा लग्नानंतर ३० दिवसांचीच असते. ती तारीख त्याच्यावर सोडू नकोस. बाळंतपणाचाही विचार आधी कर: ब्रिटनमध्ये ५२ आठवड्यांची रजा आहे, तर अमेरिकेच्या संघीय कायद्यात १२ आठवड्यांची, तीही बिनपगारी, आणि तिच्यासाठी त्या नोकरीत एक वर्ष झालेलं असावं लागतं.

ब्रिटनमधलं एक बँक खातं चालू ठेव आणि नॅशनल इन्शुरन्सची नोंद तपासून घे. त्या नोंदीवर मिळणारं ब्रिटिश सरकारी पेन्शन अमेरिकेत राहणाऱ्यांनाही दरवर्षी वाढून मिळतं. पुढे अमेरिकेचं नागरिकत्व घेतलंस तरी ब्रिटिश पासपोर्ट जात नाही.

हे पत्र त्याला इंग्रजीत समजावून सांग. अर्ज कोणता भरायचा ते दोघं मिळून ठरवा, आणि ते हॉल बुक करण्याआधी ठरवा.

तुझी,
मावशी